मागे ठेवलेला शर्ट

ताई,

आईला जाऊन आठवडा झाला. तू आली नाहीस म्हणून सगळे तुला नावं ठेवताहेत. मी गप्प आहे, कारण तू आईवर धरलेला राग खरा माझ्या वाट्याचा आहे.

लढाईच्या दिवसांत विमानतळावरचे कपडे आपल्याकडे धुवायला यायचे. विमान उठलं की आपल्या दोरीवरच्या चादरी फडफडायच्या. प्रत्येक वैमानिक एक मळका शर्ट मुद्दाम आपल्याकडे ठेवून जायचा. शर्ट न्यायचा राहिला असला की माणूस परत येतो, असं ते मानायचे. तो येईपर्यंत आई त्या शर्टाला पाणी लावत नसे.

तुझं ज्याच्याशी ठरलं होतं, त्याचा शर्ट मी धुतला. नऊ वर्षांची होते, तुला खूश करायचं होतं. इस्त्री करून विमानतळाच्या फाटकावर नेऊन दिला. तो हसला, म्हणाला, "अगं वेडे, आता माझं इथे काहीच राहिलं नाही की!" आणि गेला तो गेलाच.

तू ओरडून विचारलंस, "शर्ट कुणी दिला?" मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, "मी." मग आत येऊन तिने माझ्या इस्त्रीने भाजलेल्या बोटांना मलम लावलं.

तू चाळीस वर्षं तिच्याशी धड बोलली नाहीस. आता हे तुला कळलं, तर तू माफी कुणाची मागणार? म्हणून हेही पत्र आधीच्या पत्रांसारखं ट्रंकेतच ठेवते.

तुझी लाडकी,
धाकटी