डाव्या कोपऱ्यातला भोईर

सोम. १८ नोव्हें. १९८५
कालची मॅच जिंकलो, तरी डोकं फिरलेलंच आहे. भोईर पुन्हा बाकावर. पूर्ण चाळीस मिनिटं. कंपनीच्या कबड्डी टीमचं हे तिसरं वर्ष, आणि तिन्ही वर्षं हा माणूस गुडघ्यावर टॉवेल टाकून दुसऱ्यांचा खेळ बघतोय.

कँटीनमध्ये जेवताना हाच विषय. अकाउंट्सचा गद्रे म्हणतो, "भोईर शेवटच्या पाच मिनिटांचा माणूस आहे. राखीवच बरा." मी म्हटलं, तू आयुष्यात मैदानात पाय ठेवलायस का? म्हणाला, "तू कुठे ठेवलायस?" शाळेत असताना मी मध्यरक्षक होतो, हे त्याला शंभरदा सांगून झालंय.

मशीन शॉपचा मोकल (दिवाळे गावचा): "त्याला चढायला पाठवा. चढाईला. पाय बगा त्याचं." झालं. तीन माणसं, तीन मतं. वरणभात गार.

माझं मत साधं आहे. भोईर, आमचा ज., हा डाव्या कोपऱ्याचा माणूस. पण डावा कोपरा म्हणजे परब, आणि परब म्हणजे कॅप्टन. छत्तिसावं चालू आहे, वाकताना कंबर धरतो. त्याला सांगणार कोण.

बुध. २० नोव्हें.
सकाळच्या शिफ्टला ज. टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. कार्ड पंच केलं, हसला, गेला. कार्ड गुलाबी. टेंपररींची गुलाबी, कायमवाल्यांची पांढरी. हे कार्डांचं काम माझ्याकडे, त्यामुळे रोज दिसतं.

दे.सा.नी (देशमुखसाहेब, पर्सोनेल ऑफिसर आणि टीमचे मॅनेजरही तेच) दिवाळीनंतर स्वच्छ सांगितलंय: खेळाडू टेंपररींपैकी जे फायनलला खेळणाऱ्या सातात असतील ते जानेवारीपासून कायम. बाकीच्यांना ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या.

ज.ची शिरवण्याची शेती टाऊनशिपमध्ये गेली. म्हातारा बाप दारात बसून समोरच्या बिल्डिंगांचे मजले मोजतो. म्हणजे भोईरने कोपऱ्यात खेळावं का चढाईला जावं हा आमचा जेवणाच्या सुट्टीतला टाइमपास, आणि त्याची नोकरी. गद्रेला हे सांगितलं तर म्हणतो, "मग तर आणखीच विचार करून टीम निवडायला हवी." याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

रवि. २४ नोव्हें.
सुट्टीचा दिवस, तरी महाप्याला प्रॅक्टिस बघायला गेलो. सु. (बायको) म्हणाली, "तिथे तुमची हजेरी लागते का?"

परबने ज.ला चढाया करायला लावल्या. एकामागून एक आठ. समोरच्यांना हात लागेना. चढाईला गेला की हा माणूस पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखा वागतो. रेषेपर्यंत जातो, इकडेतिकडे बघतो, परत येतो. परब म्हणाला, "बघितलंत? कुठे खेळवू याला?" अरे, तुझ्या जागी खेळव. एवढं ओठांवर आलं होतं. बोलायला हवं होतं.

रवि. १ डिसें.
सेमीफायनल.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला परबचा खांदा गेला. दे.सा. बाकाकडे बघत बसले, जसे काही तिथे पर्याय भरपूर होते. शेवटी ज. उठला. गुडघा टम्म. गुरुवारी प्रॅक्टिसला पडला होता, कोणाला बोलला नव्हता. मी बाकाच्या मागेच होतो म्हणून पट्टी बांधताना दिसलं.

आणि मग अठरा मिनिटं तो कोपरा. त्यांचा तो उंच चढाईवाला, सगळ्या स्पर्धेत कोणी धरला नव्हता. ज. जागचा हलेना. वाटलं घाबरला. चढाईवाला वळला, त्याचा मागचा पाय राहिला, आणि ज.ने खाली बसून घोटा धरला तो सोडलाच नाही. तिघेजण वर पडले तेव्हा कुठे शिट्टी. पुन्हा तीन मिनिटांनी तेच. चार वेळा. दोन गुणांनी जिंकलो.

मी ओरडून घसा बसवून घेतलाय. गद्रेही ओरडत होता, नाही म्हणेल उद्या.

सोम. २ डिसें.
नाही म्हणाला. "एका मॅचवरून काही ठरत नाही."

पण खरी बातमी वेगळीच. परबचा खांदा रविवारपर्यंत बरा होणार आणि फायनलला तोच. ज. परत बाकावर. कँटीनमध्ये आज कोणी जेवलंच नाही. मोकलने ताट सरकवलं: "आमच्या गावची टीम आसती तं कॅप्टनला घरी बसवला आसता." पॅकिंगवाले म्हणाले मोर्चा नेऊ. काय मोर्चा? कोपऱ्यासाठी? शेवटी ठरलं, दे.सा.ना अर्ज द्यायचा, सगळ्यांच्या सह्यांनी. लिहिणार मी. माझं मराठी चांगलं म्हणून. (हे गद्रे म्हणाला. नोंद करून ठेवतो.)

मंगळ. ३ डिसें.
अर्ज झाला. तीन वेळा लिहिला, खाली कार्बन घालून. परबचा मान राखून, पण मुद्दा न सोडता. माझ्या मते त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य: "गुडघा सुजून उभे राहणेही कठीण असताना श्री. भोईर यांनी शेवटच्या शिट्टीपर्यंत आपला कोपरा सोडला नाही."

गद्रे म्हणाला, "गुडघा कशाला घातलास? लांबलंय." मी म्हटलं, त्यात भावना आहे. तो म्हणाला, "अर्जात भावना?" तरी सही केली. बेचाळीस सह्या. मोकलने मच्छी घेऊन आलेल्या बायकोची पण घेतली असती, मी थांबवलं.

सु.ला वाचून दाखवला. ऐकून घेतला आणि म्हणाली, "स्वतःच्या प्रमोशनसाठी नाही कधी असा लिहिलात." जेवण झाल्यावर मीच दोनदा वाचला.

बुध. ४ डिसें.
दिला. दे.सा.नी उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. "छान लिहिलंय, माने." दिवसभर हवेत होतो.

रवि. ८ डिसें.
हरलो. सहा गुणांनी.

ते जाऊ दे. ज. बाकावरही नव्हता. पँटशर्टात, पाण्याच्या पिंपाशी. मी तसाच दे.सा.कडे गेलो. शांतपणे म्हणाले, "तुमच्याच पत्रात आहे, उभं राहणं कठीण. बेचाळीस साक्षीदार. जखमी माणसाला उतरवला आणि काही झालं तर जबाबदार कोण?"

परबचा कोपरा दोनदा फुटला. दोनदा लोण, म्हणजे अख्खी टीम बाद. मला एकही चढाई नीट आठवत नाही.

सोम. ९ डिसें.
कायम करायच्या माणसांची यादी टाइम ऑफिसला आली. फायनलला नसूनही, सेमीफायनलच्या जोरावर ज.चं नाव आहे, पण शेवटी, पुढे पेनने: मेडिकल फिटनेसनंतर. खाली पत्राचा हवाला. माझ्या पत्राचा. ते आता त्याच्या फाइलला लागलंय. दुसऱ्या कोणाला मेडिकल नाही.

माझ्या त्या वाक्याने त्या माणसाची नोकरी टांगली. कोणी दुसऱ्याने हे केलं असतं तर मी कँटीनमध्ये त्याची सालटी काढली असती.

गुरु. १२ डिसें.
ज. खिडकीशी आला. मागे लाइन, तरी थांबला. "मानेसाहेब, आर्ज तुमीच लिवलात ना? मोकल बोलला लय भारी लिवलाय. एक कापी द्या ना. बापाला वाचून दाखवाची हाय."

सतराला बुधवार आहे का अठराला, असं काहीतरी मी बडबडलो. अठराला त्याचं मेडिकल. मग म्हटलं, कार्बन सापडत नाहीये, बघतो. "बगा, सावकाश बगा," म्हणाला. कार्बन कॉपी ड्रॉवरमध्ये होती. माझ्या हाताखाली.

शनि. १४ डिसें.
दे.सा.ना म्हटलं, अर्ज परत घेतो. म्हणाले, "एकट्याचा असता तर दिला असता. बेचाळीस जणांनी लिहून द्या की त्यातलं गुडघ्याचं खोटं होतं. फाइलला लावतो."

तसा कागद केला, कँटीनमध्ये फिरवला. मोकलने वाचलाही नाही, सही केली. पॅकिंगवाल्यांचं म्हणणं, एकदा खरं म्हणून सही, एकदा खोटं म्हणून, उद्या आमचीच फाइल उघडतील. गद्रे म्हणाला, "गुडघा सुजला होता. मी पाहिलाय. खोटं कसं लिहू?" वर म्हणतो, "तुला तेव्हाच म्हटलं होतं." भावनेबद्दल म्हटलं होतंस, लेका. मेडिकलबद्दल नाही.

आणि बाजूच्या टेबलावर वाद चालूच: भोईर पुढच्या वर्षी कोपऱ्यात का चढाईला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तो कंपनीत असेल का ते आधी बघा. मग एकजण म्हणाला, "पण माने, असला तर?" ताट टाकून उठलो.

सह्या अकरा. कागद खिशातच राहिला.

मंगळ. १७ डिसें.
शिफ्ट सुटल्यावर शिरवण्याला गेलो, कार्बन कॉपी घेऊन. आता लपवण्यात काही राम नव्हता.

ज. ओटीवर बसला होता, बाप शेजारी. चहा आला. मी कागद दिला आणि सगळं सांगून टाकलं. कुठलं वाक्य, त्यामुळे फायनलला का नाही घेतलं, मेडिकल एकट्या त्यालाच का. चूक माझी, हे पण. वाटलं होतं शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या.

त्याने आधी कागद वाचला. बोट ठेवून, सावकाश. त्या वाक्याशी थांबला. परत वाचलं. मग बापाला मोठ्याने वाचून दाखवलं, गुडघ्यासकट. म्हातारा म्हणाला, "कोनी लिवलाय?" ज.ने माझ्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने मला नमस्कार केला. मला मान वर करता येईना.

ज. म्हणाला, "खोटा काय लिवलाय साहेब? सुजला हुताच. तीन वर्सं झाली, मी काय खेलतो ते कोनी कागदावर नाय लिवला." मग बाप आत गेल्यावर: "पन नोकरी गेली तं हा कागद घेऊन मी काय करू, ते बी सांगा."

मी रिकामा कप परत तोंडाला लावला.

उठून दाखवलं त्याने, डॉक्टरसमोर बैठका मारणार म्हणून. दहा मारल्या. अकराव्या वेळी खाली गेला आणि भिंतीला हात लावून वर आला. "जरा आखडलाय. सकाली बरा आसतो."

मेडिकल उद्या अकरा वाजता. म्हणाला, "तुमी येल का? तुमी बोललात तं साहेब ऐकतील. तुमचंच लिवलेलं हाय ना." हो म्हटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीये.

गुडघ्याचं डॉक्टरने मला विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.