अक्काच्या गाण्याची वेळ

२ फेब्रुवारी १९६८
आकाशवाणी केंद्राचं कार्ड आलं — माझ्या नव्हे, अक्काच्या नावाचं!

अकरा वर्षांत त्या केंद्राला मी एकशे त्रेचाळीस पत्रं लिहिली. निवेदकांचे उच्चार, गायकांनी भलत्या जागी तोडलेले समास — सगळं तारीखवार. उत्तर एकदाच आलं : ‘नोंद घेतली आहे.’ आणि आमची तुळसक्का बसने एकदा जाऊन गाऊन काय आली, तिला घरपोच कार्ड. तिथे मुद्रित केलेल्या गाण्याचं तेरा तारखेला प्रसारण. वेळ मात्र वाचता येत नाही. नेमका तिथेच हळदीचा डाग!

“हनुमंतप्पाचे हात कसे असतात, ठाऊक आहे ना!” अक्का म्हणाली. हा पोस्टमन चित्रान्न, म्हणजे हळदीचा फोडणीचा भात, खात खात टपाल वाटत असावा. वरिष्ठांकडे तक्रार करणार.

३ फेब्रुवारी
“अक्का, गायलीस तरी काय?”
“गायले काहीतरी.”

आधी दोनदा मीच तिला आवाजाच्या चाचणीला नेलं होतं. वर्षभर स्तोत्र घोटून घेतलं, एकेक विसर्ग तपासून. दोन्ही वेळा नापास. परीक्षक म्हणाले, “कंठ गोड आहे, आचारे, पण जीभ भ्यालेली.” या खेपेला मला न सांगता लिंगव्वाला घेऊन गेली. लिंगव्वा म्हणजे आमच्या भातलावणीच्या बायकांची मुकादमीण. तिला विसर्गाचं काय कळणार!

पण पास झाली, हे खरं.

५ फेब्रुवारी
हनुमंतप्पाला रस्त्यात गाठलं.

“चित्रान्न? अहो आचारे, आमच्या घरी ते दिवाळीत झालं होतं. वास अजून आठवतो, एवढंच!”

धडधडीत खोटं. तक्रार आजच टाकली.

१२ फेब्रुवारी
वेळ कळत नसेल तर अख्खा दिवस ऐकायचा. ठरलं! केंद्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. अक्काचं गाणं माझ्या कानांवरून निसटणार नाही.

मुख्याध्यापकांकडे रजा मागितली.
“कोण आजारी आहे?”
“कोणी नाही. रेडिओ ऐकायचाय.”
“मग कारण काय लिहू?”
“श्रवणभक्ती.”

हसले, पण दिली.

सेल दुकानात संपलेत, शनिवारच्या बसने येतील म्हणे. ट्रान्झिस्टरमध्ये आहेत ते चार म्हातारे. त्यांच्यावरच दिवस काढायचा. वही नवी, पेन्सिलीला टोक केलं.

१३ फेब्रुवारी
सहा पंचवीसला मंगलवाद्य. मी आंघोळ करून हजर. अक्का पदर खोचून निघाली.
“तम्मा,” धाकट्या भावाला तिची हाक अजून तीच, “मी लिंगव्वाकडे चालले. शेंगा सोलायच्यात.”
“आज? अगं, तुझं गाणं!”
“तू आहेस ना ऐकायला.”

लिंगव्वाचं घर पंचायतीच्या चावडीला लागून. जिचं गाणं तिला शेंगा महत्त्वाच्या!

सातला भक्तिगीतं. चार गायिका, अक्का एकीतही नाही. दुसरीने विसर्ग गिळला — नोंद. बातम्या. वीणा. मग खोकल्यावर वैद्यांचं भाषण. वैद्यच मधे खोकले. नोंदवलं नाही, माणूस आहे. साडेदहाला गृहिणींसाठी आंब्याचं लोणचं — फेब्रुवारीत! अकरापासून आवाज बसत गेला. निवेदिका विहिरीत उतरून बोलतेय असं वाटू लागलं.

बारा चाळीसला ‘शेतकरी बांधवांसाठी’. विषय : भातावरचे तुडतुडे. इथे अक्काचा काय संबंध! ती गाणार ती देवाची पदं, म्हणजे संध्याकाळी. हिशोब करून रेडिओ बंद केला, चारही सेल काढले आणि तुळशीकट्ट्यावर उन्हात मांडले. तासभर ऊन खाल्लं की रात्रीपर्यंत तगतात.

पंचायतीचा कर्णा शेतीच्या कार्यक्रमाला लावतातच. तुडतुडे तिथून ऐकू येत होते. मग संपले. आणि कर्ण्यातून अक्का आली!

स्तोत्र नव्हे. भातलावणीच्या बायका चिखलात ओणव्या होऊन म्हणतात ते गाणं. ‘आभाळ घोट्यापर्यंत आलं गं बाई, माहेर अजून आलं नाही.’ हे ती शिकली बांधावर. मजूर नीट काम करतात की नाही बघायला मीच तिला छत्री देऊन बसवायचो.

भ्यालेली जीभ? छे!

एकतीस वर्षं झाली तिचं कपाळ पांढरं होऊन ती माझ्या घरी आली, त्याला. या घराला मी तिचं माहेर समजत आलो. तिला विचारलं नव्हतं.

वही आत होती. पेन्सिलही. मी उन्हात उभा, हातात दोन कोमट सेल. निवेदकाने शेवटी तिचं नाव कसं उच्चारलं, ते आठवत नाही.

संध्याकाळी अक्का शेंगा न घेताच परतली. ताट वाढलं.
“चुका किती?”
“मोजल्या नाहीत.”
ताटात तूप जरा जास्तच पडलं.

१४ फेब्रुवारी
मठातले दोन वृद्ध येऊन गेले. “सोवळ्यातल्या बाईने मजुरणींची गाणी? तेही कर्ण्यावर?”

“चाल चुकली का?” मी विचारलं.
“चालीचं कोण बोलतंय!”
“मग माझ्या अखत्यारीत येत नाही. तिथे अक्का बसलीय, तिला विचारा.”

अक्का सूप आपटत बाहेर आली. विचारायचं राहूनच गेलं.

१७ फेब्रुवारी
केंद्राला पत्र. एकशे चव्वेचाळिसावं. ‘तेरा तारखेचे भातलावणीचे गाणे पुन्हा लावावे. अशुद्ध काही आढळले नाही.’ दोनदा वाचलं. टाकलं.

२९ फेब्रुवारी
अक्काला दुसरं कार्ड. वेळ स्वच्छ दिसते.

“या खेपेला हळद लावली नाही मी,” ती म्हणाली. “पेन्सिल न घेता बसणार असशील, तर वाच. आणि आधी त्या हनुमंतप्पाची माफी मागून ये.”