आईच्या डोक्यामागची टाकी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
आईला ऐंशी पूर्ण झाली. तेवीस तारखेला, रविवारी, सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम. स्टेजवर तिचा मोठा फोटो लागणार. आई म्हणाली, जल्मात एक तरी फोटो बरा निघू दे की. लग्नाच्या फोटोत नुसता पदर हाय, मी न्हाय.
फोटो मीच काढला. गच्चीवर, हिरव्या नऊवारीत. उत्तम आला आहे. फक्त डोक्यामागे शेजारच्या शिवप्पांची काळी पाण्याची टाकी आहे. माझी बायको रेश्मा म्हणाली, विरेशच्या फ्लेक्सच्या दुकानात देऊ, तो पुसून देईल. तिला साफ नकार दिला. माझी आई परक्याच्या पेनड्राइव्हवर जाणार नाही. सॉफ्टवेअर मी स्वतः निवडीन. दोन दिवस पुष्कळ झाले.

मंगळवार, ११. सकाळी ६
फोनवर फुकटचं ॲप घेतलं. उघडताच कॉन्टॅक्ट मागितले. मग लोकेशन. मग माइक. टाकी पुसायला माझा आवाज कशाला? काढून टाकलं. खबरदारी म्हणून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर रेश्माची टिकली चिकटवली.

बुधवार, १२
कॉलेजातले अमृत सर म्हणाले, परदेशी कंपनीचं घ्या, सगळे तेच वापरतात. सगळे वापरतात, हीच शंकेची पहिली जागा. शिवाय ते विकत मिळतच नाही, दरमहा भाडं भरायचं. फोटो माझा, आई माझी, भाडं त्यांना. जेवताना या डिजिटल गुलामगिरीवर चाळीस मिनिटं बोललो. व्याख्यानमालेत याहून कमी बोलून टाळ्या घेतल्या आहेत. आई म्हणाली, बाळू, भाकरी गार झाली.

शनिवार, १५
योग्य ते सापडलं. फुकट, आणि आतला कोड कुणालाही वाचता येतो. तीन तास वाचला. समजला नाही, पण लपवलेलंही काही दिसलं नाही. तरी हे लोक फुकट का देतात? वाय-फाय बंद करून सुरू केलं. लेयर म्हणजे काय ते जवळपास कळलं. टाकी निम्मी गेली. आईचा डावा कानही गेला.

सोमवार, १७
शत्रू ओळखून असावा, म्हणून एआयवालं एक तपासलं. आईचा चेहरा देणं शक्यच नव्हतं. शिवप्पांचा दिला. एका सेकंदात तिशीचे झाले, कुरळ्या केसांसह. पुरावा म्हणून त्यांना दाखवला. त्यांनी तो मागून घेतला आणि डीपीला लावला. माणसं अशीच विकली जातात.

बुधवार, १९
विरेशला फोटो शुक्रवारपर्यंत हवा, असं रेश्मा तिसऱ्यांदा म्हणाली. हिचं आणि विरेशचं काही ठरलेलं दिसतं. आईनेही विचारलं, कान आला का माघारी.
दुपारी तत्त्वाचा निर्णय घेतला. रंग हीच पहिली लबाडी. फोनमधलाच काळा-पांढरा पर्याय वापरला, कुठे अपलोड नाही. सगळं इतकं गडद केलं की टाकी अंधारात विरली. आई तेवढी उजळ. कडेची फुलांची चौकटही फोनमध्येच मिळाली. गांभीर्य आलं.

गुरुवार, २०. सकाळी ७
सोसायटीच्या आणि जेऊरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली मोजकाच मजकूर : श्रीमती सोनाबाई. रविवार, सकाळी दहा. सर्वांनी यावे.
मोठं काम शब्दबंबाळ नसतं.

सकाळी ७.४०
ॐ शांती. आतापर्यंत सव्वीस जण. एकाच चुकीत सव्वीस माणसं? कटाचा वास येतो.

सकाळी ८.३०
शिवप्पा हार घेऊन आले. दार आईनेच उघडलं. म्हणाली, या की, चा टाकते. ते मटकन खुर्चीत बसले. जेऊरहून कोंडीबामामा गाडीत बसलेसुद्धा. फोनवर इतके रडत होते की मला बोलू देईनात. शेवटी आईने फोन घेतला आणि म्हणाली, आरं कोंडीबा, मी हाय की हितं, येताना वांगी आन.
ग्रुपवर सहाशे शब्दांचा खुलासा टाकला. त्यावरही दोघांनी हात जोडले.

सोमवार, २४
कार्यक्रम पार पडला. स्टेजवर विरेशने केलेला फोटो होता. रेश्माने शुक्रवारी माझ्या फोनमधून मूळ फोटो परस्पर नेला. पासवर्ड तिला कसा कळला याची चौकशी करणार आहे. टाकी नाही. दोन्ही कान आहेत. सुरकुत्या जिथल्या तिथे. पाच मिनिटं लागली म्हणे. आई त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग पदर सारखा केला, स्वतःचा.
आज सकाळी मात्र तिने माझा काळा-पांढरा फोटो मागितला. म्हणाली, ह्यो चांगल्या फ्रेमीत घालून आन. मला भरून आलं. अखेर घरात कुणाला तरी कळलं. कुठल्या भिंतीवर लावू, विचारलं.
म्हणाली, आत्ता न्हाय लावायचा. कपाटात ठेव. लागंल तवा तुजी पुन्यांदा धावपळ नको.