माझ्या चेहऱ्याचं शुद्धिपत्र

ती. ताईंच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा आता कसा आहे? (मागच्या पत्रात तुम्ही उजवा लिहिला होतात आणि त्याच्या आधीच्या पत्रात डावा. हिला आलेली तुमची पत्रं मीही वाचतो आणि अशा जागी पेन्सिलीने खूण करून ठेवतो. तेव्हा चौकशी दोन्ही गुडघ्यांची समजावी.) साडूभाऊंना झोप लागते ना? एकतीस वर्षांत मी तुम्हाला आपणहून लिहिलेलं हे पहिलंच पत्र. त्यामागे काही हेतू असेल असा संशय तुमच्या मनात येईल. तो कृपया काढून टाकावा.

ही गेले तीन आठवडे लेकीकडे आहे. नातवाच्या पायाला प्लास्टर आहे हे तुम्हाला कळलंच असेल. तुम्हीच दिलेल्या जाळीच्या कापडावर हिने दोन वर्षं खपून लोकरीने माझा चेहरा भरला, हेही तुम्हाला ठाऊक आहे. एका चौकोनाला एक टाका, असे किती हजार टाके ते तुम्हीच जाणा. येत्या शनिवारी ते चित्र भरतकाम मंडळाच्या प्रदर्शनात जायचं आहे. हिचं काम आयुष्यात पहिल्यांदाच चार लोकांसमोर लागणार, म्हणून ही महिनाभर आनंदात होती. जाताना म्हणाली, "चष्म्याच्या काडीला चंदेरी जर आणि कोटाच्या बटणांना मणी, एवढंच राहिलंय. मी गुरुवारी आले की लावीन. तुम्ही हात लावू नका." मी "बरं" म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

आता ताई, मी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. लोकांना वाटतं निवृत्त झालं की सवय सुटते. ती सुटत नाही, फक्त तपासायला काही उरत नाही. औषधाच्या बाटल्यांवरचे कागद झाले, वीज मंडळाच्या सूचना झाल्या, शेजारच्या दाराची पाटी झाली (तिथे दातांचे डॉक्टर राहतात, पाटीवर दातांना काना नव्हता, मी तो खडूने दिला). आणि समोर भिंतीला टेकून माझाच चेहरा. पहिले दोन दिवस मी नुसता पाहत होतो. तिसऱ्या दिवशी हातात पेन्सिल आली. पाचव्या दिवशी माझ्या चेहऱ्याचं चौदा कलमी शुद्धिपत्र तयार झालं. कलम एक, डाव्या गालावर अनावश्यक तीळ. (तो आहे. पण छापायलाच हवा असं नाही.) कलम चार, डोळ्यांत तेज नाही. कलम सात, डोक्यावरचा बराचसा मजकूर गळाला आहे.

मण्यांच्या दुकानात गेलो. हिने आणलेली पुडी कोटाच्या तीन बटणांपुरती होती आणि मला काम नीट करायचं होतं. दुकानातल्या बाईंनी लग्न कोणाचं आहे असं विचारलं. मी म्हटलं, लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. मग त्यांनी फार काही न विचारता काचेचे, सोनेरी आणि मोतिया असे सगळे मणी दाखवले, चंदेरी जर दिली आणि काळ्या रेशमाच्या सहा लडी बांधल्या. घरी येऊन मी जेवणाचं टेबल रिकामं केलं, दिवा जवळ ओढला आणि चष्म्यापासून सुरुवात केली. काडीला जर फार सुरेख बसली. इतकी सुरेख, की दुसरी काडी, दोन्ही भिंगांच्या कडा आणि खिशातल्या पेनाचं टोपण यांनाही ती लावावी लागली. बटणं तीन होती, ती मी पाच केली. तिळावर मोतिया मणी बसवला, कारण उसवण्यापेक्षा झाकणं बरं. डोळ्यांत एकेक काचेचा मणी. इथे थोडं घोडं अडलं. हिचे टाके सगळे एकाच बाजूला कललेले, माझा हात उलट्या बाजूने चालणारा, त्यात डावा मणी एक चौकोन सरकला. एक चौकोन म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढंही अंतर नाही. पण डोळ्यात ते फार होतं, हे मला नवीन होतं.

केसांबद्दल मी फार लिहीत नाही. मनापासून केलं, एवढंच सांगतो. भांग पाडला होता.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर वर्तमानपत्र न्यायला आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचे धाकटे बंधू का? कुठल्या बँडमध्ये असतात?" मग जरा थांबून, "डोळ्याचं काही केलं की नाही त्यांनी?" मी म्हटलं, उपचार चालू आहेत.

ते गेल्यावर मी प्रथमच लांब जाऊन, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. केस तरी काढावेत म्हणून हिची नखाएवढी कात्री घेतली. रेशीम कापता कापता खालची लोकर कापली गेली, आणि लोकरीखालची जाळीसुद्धा. आता माझ्या टाळूवर, बरोबर मधोमध, वाटाण्याएवढं भोक आहे. उरलेले केस जिथल्या तिथे ठेवले.

किती बिघडलंय ते बघायला मी कापड उलटं केलं. दोन वर्षांत मी त्या चित्राची मागची बाजू कधी पाहिलीच नव्हती. बाकी सगळीकडे टाके सपाट आणि स्वच्छ, फक्त ओठांच्या जागी जाळी पिंजून मऊ झालेली. कडेला हिने बारीक पेन्सिलीने लिहिलंय, "ओठ, पुन्हा." त्याच्या खाली परत "पुन्हा." असं पाच वेळा. मला आठवलं, ही म्हणायची, जरा दोन मिनिटं गप्प बसा ना. आणि मी तिला काहीतरी दुरुस्त करून सांगत असायचो. ताई, मी कुठलंही मुद्रित तीन वेळांपेक्षा जास्त तपासलेलं नाही. हिने माझे ओठ पाच वेळा उसवले, आणि मी दोन दिवसांत त्यांच्यावर बँडमास्तर बसवला. मला फार लाज वाटली. ती अजून वाटते आहे.

असो. इकडची हवा बरी आहे. साडूभाऊंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता.क. संशय काढून टाका म्हणालो होतो, तो परत घ्यावा. त्या कामाची लोकर तुम्हीच दिली होती. तिच्यातली टकलाच्या रंगाची थोडी उरली असेल तर बुधवारपर्यंत पाठवा. रंग तीन आहेत, साधा, उजेडातला आणि मधला चकचकीत. आमच्या घरी नको, दातांच्या डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठवा. हिचा फोन आला तर मी गुडघ्यासाठी लिहिलं होतं असं सांगा. कोणता ते सांगू नका.

ता.क. दुसरा. पत्र टाकायला निघालो तर दारात ही. प्लास्टर लवकर निघालं म्हणून लवकर आली. चित्रासमोर खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटं काही बोलली नाही, मीही बोललो नाही (हे हिच्या लक्षात आलं असावं). मग हसायला लागली, ती डोळे पुसेपर्यंत. लोकर हिच्याच डब्यात होती. मागून जाळीचा तुकडा लावून हिने पाऊण तासात भोक बुजवलं, डोळ्यातला मणी एक चौकोन हलवला, आणि सुई ठेवून दिली. बाकी तसंच राहणार म्हणाली. भांगासकट. तेव्हा लोकर पाठवू नये. शनिवारी तुम्ही यायचं म्हणता असं कळलं. गर्दी फार असते, मुळीच त्रास घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. मला शनिवार-रविवार दोन्ही दिवस चित्राशेजारी उभं राहण्याचा हुकूम झाला आहे. मंडळाचा अर्ज हिने आताच माझ्यासमोर भरला. चित्राचं नाव या रकान्यात लिहिलंय, "आमचे हे, त्यांच्या स्वतःच्या मते." अर्ज मला तपासायला दिला. मी तीनदा वाचला. चूक सापडली नाही.