तिसऱ्या हाकेला

५ जानेवारी
लग्न होऊन सासरी आले. सासू खाष्ट निघेल म्हणून माहेरी सगळ्यांनी भीती घातली होती. पण सासूबाईंनी तर कपाटाचे दोन खण स्वतःच्या हाताने मला रिकामे करून दिले! दीर परगावी नोकरीला. थोरल्या जाऊबाई वरच्या खोलीत असतात, मनाने आजारी आहेत. माझा हात धरून म्हणाल्या, बरं झालं आलीस, भिंतींशी किती बोलायचं.

घरातली एक रीत ऐकून मात्र हसू आवरेना. जाऊबाईंच्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. त्या म्हणे त्यांच्या अंगात शिरलेल्या बाईच्या असतात. तिसरी तेवढी खरी.

१९ जानेवारी
मी पहिल्याच हाकेला जाते. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, गोळ्या चुकवू नका, बोलत राहा. गोळ्या मीच देते. काल जाऊबाईंनी माझी वेणी घातली. पहिली हाक कुणाची, विचारलं. म्हणाल्या, माझीच गं. पण कुणी ओ देत नाही, मग मलाही वाटायला लागतं, ती दुसरीच कुणी.

८ फेब्रुवारी
सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी ती बया दडून बसते, जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, आईचं मन मोडू नकोस. जाऊबाईंच्या पहिल्या दोन हाका आता घोगऱ्या येतात. तिसरी रडवेली, त्यांची.

१७ फेब्रुवारी
आज पहिल्या हाकेला गेले नाही. भ्यायले. सासूबाई म्हणाल्या, शहाणी झालीस.

२० फेब्रुवारी
न्हाणीघरातून हाक आली. भाजी चिरत होते. थांबले. दुसरी आली, बारीक, त्यांचीच. तरी थांबले. तिसरी—

आलीच नाही. ओल्या फरशीवर पाय घसरला होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी कुणी—

२ मार्च
झोप नाही. रडू थांबत नाही. माझ्या जाऊबाई गेल्या. मी खोलीत शिरले की सासूबाई आणि हे बोलायचे थांबतात. वरची खोली कुणीतरी झाडून ठेवली आहे.

५ मार्च
कपाटाचे दोन खण रिकामे. माझ्या साड्या वर. मीही वर.

ह्यांना हाक मारली, डॉक्टरांकडे न्या म्हणून. खाली पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. बस, तेवढाच.

दुसरी मारली.

जिन्यात सासूबाई. श्वास ऐकू येतो. थांबल्यात.

तिसरी मारली, तर आधीच्या दोन माझ्या नव्हत्या असं— नाही मारली, तर—

माझ्याच होत्या. दोन्ही माझ्याच—