डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

३ जानेवारी, शुक्रवार

थायरॉईडचा रिपोर्ट परत वाईट! तिसऱ्यांदा डोस वाढवला. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" सासूबाई शेजारच्याच खुर्चीत. मी म्हणाले, नाही. खोटारडी!

लग्न ठरवताना माझ्या फिट्स आम्ही लपवल्या. आईची सक्त ताकीद – "तोंड उघडू नको, नांदायचंय तुला." चार वर्षं झाली. फिटची गोळी मी पॅडच्या पाकिटात ठेवते, तिथं कुणी हात घालत नाही. सत्यजीतला सांगितलंय. पण नवरा असून तोही म्हणतो, आईला नको कळायला.

९ जानेवारी

शेवंती तोडता तोडता बांधावरच डोळा लागला. सासूबाई – "एवढी तरणीताठी बाई आन् बसल्याजागी पेंगती! आमच्या टायमाला न्हवतं बाई असलं." मी आळशी नाही! किती जणांना सांगू?

१४ जानेवारी, संक्रांत

मोबाईलवर वाचलं होतं – फिटच्या काही गोळ्यांनी थायरॉईड खाली जातं. म्हटलं, मग ती गोळीच बंद करू. दोन दिवस घेतली नाही. आज हळदीकुंकवाला बायका जमलेल्या आणि तो जळका वास आला, पूर्वी फिट यायच्या आधी यायचा तोच! आत पळाले, गोळी गिळली, तिथंच बसून राहिले. फिट आली नाही. आता बास. हाकललं घरातून तर हाकललं.

१७ जानेवारी

सांगून टाकलं! दवाखान्यात, सासूबाईंच्या देखत. डॉक्टर म्हणाले, "अहो, या गोळीनं शरीरातलं थायरॉईडचं हार्मोन लवकर संपतं, म्हणून तुम्हाला डोस पुरत नव्हता. ही मनानं कधी बंद करायची नाही. दोन्ही औषधं जमवून देतो."

एवढंच होतं! वर्षभर मला वाटत होतं, मीच बिघडले. किती हलकं वाटतंय!

सासूबाई एसटीत गाव येईपर्यंत माझी औषधांची पिशवी मांडीवर धरून बसल्या. माहेरी कवठ्याला फोन केला तर आई रडायलाच लागली. मी मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१८ जानेवारी

सकाळी सगळे शेतात गेल्यावर सासूबाईंनी पेटीतल्या लुगड्याच्या घडीतून एक पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर नाव माझ्याच फिटच्या गोळीचं.

"तीस वरसं खातीया. तुझ्या सासऱ्यालाबी ठावं न्हाई. डाक्टरला इचार, माझंबी रगत तपासाया लागंल का."