दिवसा पसरणारी पानं

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात एक चुकीचं लिहिलं गेलं. खोलीतल्या कुंडीतली नक्षीदार पानं कायम उभी, मिटलेली असतात, असं म्हटलं होतं. घरमालकीणबाई हसल्या. "अगं, रात्री झोपतात ती. दिवसा ताटासारखी पसरतात. तू दिवसा असतेस कुठे?"

कपडेधुलाईच्या कारखान्यात हल्ली मी दोन्ही पाळ्या करते. जेवण वेळेवर होतं, फक्त पाय सुजतात. बाबांना सांगू नकोस. त्यांचा खोकला कसा आहे?

मुकादमबाई म्हणतात, "एक पाळी सोडलीस, तर दुसरीही जाईल." गेली तर दुसरं काम शोधीन. पानं पसरलेली असताना खोलीवर परतायचं मी ठरवलंय, येत्या बुधवारी, चौदा तारखेला.

तुझीच,
धाकटी